खळ्यावरचा वाटा

ईट, ता. भूम, जि. उस्मानाबाद
फेब्रुवारी १९७४

प्रिय बलभीम,

सप्रेम जयभीम.

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. पोस्टमननं ते भर वर्गात आणून टेबलावर ठेवलं आणि परदेशी तिकीट बघायला सगळी चौथी माझ्याभोवती गोळा झाली. त्या दिवशीचा भागाकार राहूनच गेला. आत तुझ्या लेखाची पानं, तीही इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, ट्रेनिंगला होतं तेवढंच. मग आमच्या हेडमास्तरांना गळ घातली. मधल्या सुट्टीत ते एकेक पान वाचून मला मराठीत सांगायचे, मधेच चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, बाई, तुमचा भाऊ लई खोलात गेलाय. गेलायस खरा. आपण 'विकसनशील' आहोत हे मला तुझ्या पानांतून कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, आपण नुसते दमलोय.

चिडू नकोस. मी दिवसभर साठ पोरांपुढं बोलून आलेली बाई आहे, माझ्या तोंडून गोड शब्द निघायला जरा वेळ लागतो. तुझ्या लिखाणातलं जे बरं वाटलं ते आधी सांगते. गावाचं नाव घातलं नाहीस, नुसतं 'अवर्षणग्रस्त जिल्ह्यातलं एक गाव' म्हणालास, ते बरं केलंस. दुष्काळात बैल कसे वाचले ते लिहिलंयस, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण शेवटाकडच्या एका पानावर तू थोडी जागा कोरी सोडलीयस आणि कडेला पेन्सिलीनं मला लिहिलंयस की अक्का, उशिरा पेरणारांना भरपाई किती टक्के पोचली तो आकडा इथं टाक. त्या जागेत काय टाकायचं ते मला ठरवता येईना. म्हणून हे पत्र. आणि तुझी सवय मला माहीत आहे, पत्राचा पहिला नि शेवटचा भाग वाचतोस आणि मधलं निवांत वाचू म्हणून ठेवून देतोस. तेव्हा मुद्द्याचं इथंच सांगते. पाडव्यानंतरच्या रविवारी बैलमंडळीची, गावाच्या सामायिक बैलांची, बैठक आहे. तिथं यंदाच्या पेरणीच्या पाळ्या ठरतील. नियम गेल्या सालचाच राहिला तर आपलं रान यंदाही पडीक राहणार. 'यंदाही' म्हणते, कारण गेल्या मृगात आपलं रान पेरलंच गेलं नाही. मी तुला खुशालीच कळवत राहिले. तुझी परीक्षा होती, आणि दादांनी, बाप असून लेकीला, त्यांच्या गळ्याची शपथ घातली होती. ती आज मोडते आहे.

बहात्तरचा श्रावण आठवतो ना तुला? तू पुण्याहून आला होतास, इंग्लंडला जायच्या आधीचे ते शेवटचे दिवस. श्रावण असून आभाळ कसं, तर घासून ठेवलेल्या तव्यासारखं. गावातला जो तो आपापल्या बैलांकडं बघत बसलेला. उद्या पडेल, परवा पडेल. तू शाळेच्या ओट्यावर माणसं जमवलीस आणि खडूनं फरशीवर रेघा ओढून सांगितलंस की आज बैलाला बाजारात काहीतरी येतंय. दिवाळीनंतर सगळेच दावं धरून बाजारात उभे राहतील, तेव्हा व्यापारी फुकट मागेल, आणि मार्चपर्यंत तो फुकटसुद्धा नेणार नाही. म्हणून म्हातारे, हाडं निघालेले बैल आत्ताच विका. गावातल्या चांगल्या तेवढ्या जोड्या एका जागी ठेवा, सगळ्यांचा कडबा त्यांना घाला, आणि पाऊस आला की पाळीपाळीनं सगळ्यांनी त्या वापरा. लोक हसले होते तुला. शिकून आलंय आणि दावणीचे बैल इकाया सांगतंय, असं कोणीतरी मागून म्हणालंही. पण आबारावांना ते पटलं. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी हो म्हणाला की बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात. त्यांनी आपल्या जोड्या मंडळीत घातल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ आपल्या दादांनी आपली एकुलती एक बांडी जोडी नेऊन बांधली. वासरं असल्यापासून वाढवलेली ती जोडी. आई त्या दिवशी जेवली नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

आणि तुझं सगळं तसंच्या तसं खरं ठरलं. अख्खं गाव खडी फोडायला गेलं, रेशनवरची ती तांबडी मिलो जवारी खाऊन पोटं बिघडली, माझ्या शाळेत पोरं सुकडीसाठी वाट्या घेऊन बसायची. शेजारच्या गावांत बैल माळावर बसले ते उठलेच नाहीत. आपल्या गावच्या जोड्या मात्र बाभळीच्या सावलीत रवंथ करत उभ्या. लांबून माणसं बघायला यायची. एकदा जीप घेऊन साहेब लोक आले. त्यांनी विचारलं की ही कल्पना कुणाची, तर आबारावांनी सरळ सांगितलं, आमच्या कोंडीरामच्या पोराची, ते विलायतेला असतंय. दादा मागं उभे होते. त्यांनी पटका काढला, झटकला आणि पुन्हा नीट बांधला.  त्या दिवसापासून घरी तुझा विषय निघाला की ते 'बलभीम' म्हणत नाहीत, 'सायेब' म्हणतात, आणि थट्टेनं नाही म्हणत.

मग आलं तुझं ते निळं पत्र, उन्हाळ्यात. तू इथं असताना ठरलं होतं की पाळ्या चिठ्ठ्या टाकून काढायच्या. ज्याची चिठ्ठी आधी त्याचं रान आधी. तिकडं जाऊन वर्षही झालं नाही तोवर तुला त्याहून बरा मार्ग सुचला. चिठ्ठीत नशीब आहे, विचार नाही, असं तू लिहिलंस. ज्याचं रान जास्त पिकतं त्याला बैल आधी द्या, म्हणजे सगळ्या गावाचं मिळून धान्य जास्त होईल. आणि जे मागं राहतील त्यांना त्या जास्तीच्या धान्यातून पुढच्यांनी खळ्यावर माप घालावं. मग कुणाचंच नुकसान नाही आणि गावाचा फायदा. मी ते बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. कागदावर त्यात खोट नाही. मी आजही काढू शकत नाही, आणि हेडमास्तरांनाही काढता आली नाही.

हरणाबाई तेवढी बोलली. तीच, खालच्या आळीतली धनगराची विधवा, जिचं रान आपल्या रानाला लागून आहे. ती म्हणाली की माळाची जमीन आधी वाफशाला येती आन् आधीच वाळती, आमी मागं राह्यलो तर पेरायचं कशात? खोटं नव्हतं ते. पाऊस उघडला की माळ दोन दिवसांत पेरायजोगा होतो आणि चार दिवसांत फुफाटा. हे तुला नि मला लहानपणापासून ठाऊक, गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. सगळ्यांनी दादांकडं बघितलं, कारण बौद्धवाड्यातली सगळी रानं त्या माळावरच आहेत आणि वाड्यात दादा बोलतील ते शेवटचं. दादा उठले आणि म्हणाले, "पोरानं इचार करूनच लिवलं आसंल." आणि नियमाच्या बाजूनं पहिला हात त्यांनी वर केला. त्या हातामागं वाड्यातले सगळे हात वर गेले. हरणाबाई एकटी हात खाली घालून बसली.

मृग वेळेवर आला. दोन वर्षांनी मातीचा वास आला तर माणसं वेड्यासारखी रानात नुसतीच उभी राहत होती. दादांनी तिफण बांधावर नेऊन ठेवली, बी निवडून ठेवलं. माळ वाफशाला आला, तेव्हा सगळे बैल ओढ्याकाठच्या काळ्या रानात कुळवाला जुंपलेले. माळ वाळला. पुन्हा एक झड आली, पुन्हा वाफसा झाला, तोवर काळ्यात पेरणी सुरू होती, ती अर्धी टाकून कोण सोडणार? आपली बांडी जोडी रोज सकाळी आपल्याच गल्लीवरून आबारावांच्या मळ्याकडं जायची. दादा दारात उभे राहून एकेकाच्या मानेखाली खाजवायचे आणि पुढं जाऊ द्यायचे. आई आत चुलीपाशी भांडी आपटायची. आपली पाळी आली तेव्हा रानात ढेकळं होती. तिफण चालवली असती तर बी वर पडून पाखरांनी खाल्लं असतं. दादांनी बैलांना पाणी पाजलं आणि तसेच परत नेऊन बांधले, दुसऱ्या कुणाच्या कामाला येतील म्हणून. माळाच्या रानाला रब्बी नाही, तेव्हा सालाचा विषय तिथंच मिटला.

आणि ऐक, गावाचं धान्य खरंच वाढलं. तू जो अंदाज लिहिला होतास त्याच्याही पुढं. काळ्या रानात जवारी अशी आली की कणसं धाटाला झेपेनात. तुझ्या पानांत तो आकडा आहे, तो ठेव, मीच तुला कळवला होता आणि तो बरोबर आहे.

आता भरपाईचं. मार्गशीर्षात खळी झाली. आबाराव शब्दाचा माणूस आहे, मी त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द लिहिणार नाही. रास झाल्याबरोबर त्यांनी बौद्धवाड्यात सांगावा धाडला की मंडळीच्या नियमानं तुमचा वाटा काढलाय, घेऊन जा. सगळे निघाले. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. आईनं पोतं घेतलं होतं का नव्हतं आठवत नाही, पण ती त्या दिवशी खुशीत होती, वाटेत हरणाबाईशी बोलत होती की पहिल्या पिठाच्या भाकरी केल्या की महानंदाकडून सायबाला लिहून घेते. खळ्यावर राशीशेजारी आबारावांचे चुलते बसले होते, थोरले तात्या. ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अर्धवट दिसतं. आम्ही वाड्यातली माणसं लांबून येताना त्यांना दिसलो असू तेवढंच. नियम, मंडळी, तुझं पत्र, यातलं त्यांना काही ठाऊक नाही. ते बसल्या जागेवरून ओरडले, "तितंच थांबा रं. पदर पसरा गं, वरनं घालतो."

बलभीम, त्यात राग नव्हता, हिणवणं नव्हतं. उलट मायाच होती म्हणायची. पूर्वी चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या माणसानं रास झाली की हेच वाक्य म्हटलं असेल, ते आपोआप बाहेर आलं. आबाराव पळत आले, तात्यांना गप्प करायला लागले, आम्हाला म्हणायला लागले, इकडं या, पोत्यात मापून घ्या. पण तोवर आमचे पाय थांबलेच होते, खळ्याच्या कडेला, जिथं पूर्वी थांबायचे बरोबर तिथंच. आणि आईनं पदर पसरलेला होता. तिलाही कळलं नव्हतं तो कधी पसरला ते. दादांनी तिच्या कोपराला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, "चल." ती वळली. तिच्यामागं सगळा वाडा वळला. हरणाबाई थांबली, तिनं आपलं पोतं भरून घेतलं, आणि घ्यायलाच पाहिजे होतं. तिच्यासाठी ती जवारी नुसती जवारी होती.

संध्याकाळी आबाराव स्वतः बैलगाडीत पोती घालून आपल्या दारात आले. गावातला एवढा माणूस बौद्धवाड्यात गाडी घेऊन येतो, हे काही थोडं नाही. दादांनी त्यांना बाज टाकली. आईनं चहा केला, त्यांनी घेतला. सगळं रीतीनं झालं. आबाराव म्हणाले, तात्यांचं मनावर घेऊ नका, म्हातारं माणूस आहे, हे काही कुणी दान देत नाही, हा तुमचा हक्क आहे. दादांनी त्यांची रिकामी कपबशी उचलून ठेवली. मग म्हणाले, "तवाबी हक्कच म्हनायचे, आबाराव." पोती गाडीतून उतरली नाहीत.

तुला छप्पन साल आठवत नाही. तुला त्यातले फक्त पांढरे कपडे आठवतात, कारण तुलाही एक पांढरा सदरा शिवला होता. मी बारा वर्षांची होते, मला पुढचं आठवतं. दीक्षा घेऊन आल्यावर दादांनी चावडीपुढं उभं राहून सांगितलं की आजपासून आम्ही मेलेलं जनावर ओढणार नाही, सांगावे घेऊन धावणार नाही, आणि हक्क म्हणवलं जाणारं ते बलुतं मागायला खळ्यावर येणार नाही. गाव म्हणालं, बरं. नुसतं बरं. त्या सालच्या सुगीत आपल्या घरात धान्य आलं नाही. आई कुठून कुठून पाला आणून उकडायची. तू भाकरीसाठी रडायचास, तर दादा तुला खांद्यावर घेऊन खळी नसलेल्या वाटेनं लांब फिरवून आणायचे, दुसऱ्यांच्या राशी तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. बहुतेक त्याचमुळं तुला खळं म्हणजे काय ते कळलं नाही. तिकडं बसून तू लिहिलंस की भरपाई खळ्यावर मापावी, कारण धान्य तिथंच असतं, वाहतूक वाचते. दुसऱ्या कुणी साहेबानं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याला काय माहीत. तुझ्याबाबत मला तेही म्हणता येत नाही, हाच माझा त्रागा आहे. तुला दोष देत नाही. तू लहान होतास, आणि आम्हीच तुला लांबच्या वाटेनं नेलं.

तर तुझ्या त्या कोऱ्या जागेत काय टाकू? आबारावांना विचारशील तर भरपाई पुरी दिली. पोती अजून त्यांच्या घरात वेगळी रचून ठेवलीयत, त्यातला दाणा ते कुणाला काढू देत नाहीत. आपल्या वाड्यात विचारशील तर काही आलं नाही. दोन्ही खरं. हेडमास्तर म्हणाले, बाई, देऊ केलं ते दिल्यातच धरतात अशा शास्त्रात. धरत असतील. मी त्यांना म्हटलं, मग पोटातसुद्धा धरून चालायचं का? ते बिचारे घंटा द्यायला निघून गेले.

आता जे तुला सांगायचं टाळत आले ते. गेला महिनाभर तू प्रत्येक पत्रात विचारतोस की दादांचा निरोप का नाही, आईनं माझ्याकडून दोन ओळीही का लिहून घेतल्या नाहीत. ती दोघं गावात नाहीत रे. पौषात ती ढोकीला गेली, ऊस तोडायला. वाड्यातली आणखीही माणसं टोळीबरोबर गेली, पण ती तरणी आहेत. तुझ्या मेव्हण्यांनी दादांना हाताला धरून सांगितलं की आमच्याकडं येऊन राहा, मी रडले, भांडले. त्यांचं एकच, लेकीच्या घरी सणाला यायचं असतं, सालाला नाही. तू पैसे पाठवतो म्हणशील. तू आधी पाठवलेलेही त्यांनी पोस्टातच ठेवलेत, सायबाच्या पुस्तकाचे म्हणून. त्यांच्यापुढं माझं डोकं चालत नाही.

मागच्या रविवारी एसटीनं मी ढोकीला जाऊन आले. कारखान्याच्या अलीकडं फडाच्या कडेला पाचटाच्या खोप्या आहेत, त्यांतल्या एकीत आपली आई चुलीपुढं बसलेली. उसाच्या पात्यांनी तिचे हात, गाल, कानाच्या पाळ्यासुद्धा चिरल्यात. मला बघून तिला आनंद झाला का लाज वाटली ते कळलं नाही, ती नुसती भाकरी थापत राहिली. दादा मोळी डोक्यावर घेऊन आले. आता पाठ सरळ होत नाही त्यांची, मोळी खाली टाकल्यावरही ते वाकलेलेच दिसतात. तरी हसून म्हणाले की इकडं उसाच्या शेंड्यांचं वाढं चिक्कार आहे, आपली बांडी जोडी इथं असती तर मजा मारली असती तिनं. मग तुझं विचारलं. सायबाचं पास झालं का? झालं म्हटलं. मग एकदम त्यांना उत्साह आला, शेजारच्या खोपीतल्या माणसाला हाक मारून त्यांनी सांगितलं. मला खाली मान घालून बसावं लागलं.

मी त्यांना सांगायला गेले होते ते सांगितलं. आबारावांशी माझं बोलणं झालंय. ते पाळ्या बदलायला तयार आहेत, माळाची रानं आधी पेरायला तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं असं की ज्यांची काळी रानं आहेत ते विचारतील, तक्रार कुणाची आहे? तर निदान कोंडीरामानं बैठकीत उभं राहून एकदा म्हणावं की आम्हाला हे सोसवत नाही. एवढं एक वाक्य. वाड्यातला दुसरा कोणी दादांच्या आधी बोलणार नाही, आणि हरणाबाई एकटी बोलून उपयोग नाही हे गेल्या वर्षी बघितलंच. मी म्हटलं, दादा, पाडव्याला या, एक वाक्य बोला, आपलं रान पेरून घ्या, मग हवं तर परत इकडं मरायला या. असंच म्हटलं मी. राग आला होता मला.

दादांनी चिपाडानं जमिनीवर रेघा ओढल्या थोडा वेळ. मग म्हणाले, "म्या तसं म्हनलो तर पोराचं लिवलेलं खोटं पडंल, महानंदा. साऱ्या गावात. सायेब लोकांत. मग ते तिकडं कुनाला तोंड दाखवंल?"

 ज्या माणसानं सगळ्या गावापुढं ताठ उभं राहून नाही म्हटलं, उपाशी राहून नाही म्हटलं, तो माणूस आता तुझ्या कागदापुढं वाकलाय. नुसता कागदावर विश्वास असता तर मी वाद घातला असता. ही माया आहे, आणि तिच्याशी वाद घालायचं बळ माझ्यात उरलं नाही. बस सुटायची होती. आईनं पिशवीत उसाची कांडकी घातली, पोरांना दे म्हणाली. मी घरी येईपर्यंत सगळी वाट ते वाक्य डोक्यात घेऊन आले, आणि आज ते तुझ्यापुढं ठेवतेय, कारण ते मोडायची ताकद फक्त तुझ्यात आहे.

म्हणून सांगते काय करायचं. हे पत्र मिळाल्या दिवशी बसून दादांना चार ओळी लिही. इंग्रजी शब्द नकोत, कारणं नकोत, तुझ्या प्रोफेसरांचं नाव नको. लिही की दादा, माझा नियम चुकला. सगळ्यांच्या आधी आपलं रान पेरा, मी सांगतोय. एवढंच. तुझ्याच हातानं लिही, टाइप करू नकोस. त्यांना वाचता येत नसलं तरी तुझं अक्षर ते ओळखतात, बोट फिरवून बघतात. पाडव्याच्या आत माझ्या हातात येईल असं टाक. मी ढोकीला जाईन आणि खोपीपुढं बसून त्यांना वाचून दाखवीन. तुला मनातून पटत नसेल, तुझं गणित बरोबरच होतं असं वाटत असेल, तरी लिही. तिकडं छापायचं ते छाप, मी अडवणार नाही. त्यांना वाईट वाटेल, लई वाईट वाटेल, दोन दिवस ते कुणाशी बोलणार नाहीत. तरी लिही, बलभीम. आपला सायेब चुकला एवढं कळल्याशिवाय दादा घरी यायचे नाहीत.

तुझीच,
दमलेली पण तुझ्या टपालाकडं डोळे लावून बसलेली,
अक्का